हाड जुळलं, तरी मनगट दुखतंच

निपाणीत विड्या वळणारी एखादी बाई पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात घसरते, आपसूक हात टेकते आणि मनगट मोडतं. बेळगावला नाहीतर कोल्हापूरला जाऊन हाड बसवून घेतात. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघतं, एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतं. तरी पान कातरताना, धुणं पिळताना, भाकरी थापताना करंगळीच्या बाजूला कळ येते. घरचे म्हणतात, "हाड जुळलंय की आता, मग दुखतंय कशाला?" आज या प्रश्नाकडे वळू.

ज्या जोराने हाड मोडतं, तो जोर हाडापाशी थांबत नाही. पुढच्या हाताची दोन हाडं, रेडियस आणि अल्ना, मनगटापाशी शेजारी येतात. करंगळीकडच्या अल्नाच्या टोकावर त्रिकोणी कूर्चा असते आणि तिला लागूनच दोन्ही हाडांना एकत्र धरणारे अस्थिबंध. हात फिरवताना सगळा ताण यांच्यावर. 1996 साली अमेरिकेत विल्यम गाइस्लर आणि सहकाऱ्यांनी सांध्यापर्यंत तडा गेलेली 60 मनगटं दुर्बिणीतून पाहिली. त्यांतल्या 41 जणांना मऊ भागांची इजा होती. सर्वांत जास्त ही कूर्चाच फाटलेली, मग अंगठ्याकडचे अस्थिबंध. एक्स-रेत यातलं काहीच थेट दिसत नाही.

या कूर्चेला रक्त फक्त कडेने मिळतं. म्हणून कडेची फाट प्लास्टरमध्ये बऱ्याचदा भरून येते, मधली येत नाही. शिवाय हाड बसताना रेडियस थोडं आखूड राहिलं, तर मामला बिघडतो. एरवी मनगटावरचा सुमारे पाचवा हिस्सा भार अल्नाकडे जातो. अल्ना अवघी अडीच मिलिमीटर वर आली, तर तो 42 टक्क्यांवर पोचतो, असं प्रयोगशाळेतल्या मोजमापात आढळलं. अडीच मिलिमीटर! एवढ्याशा फरकाकडे दुर्लक्ष होतं, आणि पुढे भाकरी थापताना त्याचा हिशोब द्यावा लागतो.

अंगठ्याकडच्या बाजूची गोष्ट तरुणांना जास्त लागू. पुणे-बेंगळुरू महामार्गावर दुचाकीवरून पडलेला पोरगा, तालमीत उलटा पडलेला पैलवान. तिथे स्कॅफॉइड आणि ल्युनेट ही छोटी हाडं एकाच अस्थिबंधाने बांधलेली असतात. त्यांना स्वतःचा स्नायू जोडलेला नसतो, शेजारची हाडं हलतील तशी ती हलतात. एका जुवाला जुंपलेल्या बैलांपैकी एक पुढे झुकू पाहतो, दुसरा मागे, तसा त्यांचा स्वभाव. जुवाची दोरी तुटली की स्कॅफॉइड पुढे कलंडतं, ल्युनेट मागे, आणि काही वर्षांत सांधा झिजायला लागतो. दोघांतली फट 3 मिलिमीटरपेक्षा रुंद दिसली तर संशय पक्का करावा. साध्या एक्स-रेत ती कधी लपते, म्हणून मूठ घट्ट आवळून, दोन्ही हातांचे एक्स-रे काढून तुलना करायची. ताजी इजा पहिल्या काही आठवड्यांत शिवून बांधता येते. महिने उलटल्यावर तोच अस्थिबंध आकसतो, शिवण धरत नाही.

म्हणूनच, हाडवैद्याकडून सुजलेलं मनगट चोळून घेण्यात गेलेला वेळ मला फार महागाचा वाटतो. त्यातलं दुखणं बरं होण्याजोगं असतं, वेळच निघून जाते.

अर्थात प्रत्येक फाटीला शस्त्रक्रिया लागत नाही. वय वाढेल तशी ही कूर्चा आपोआप झिजते, आणि साठीच्या पुढच्या कितीतरी जणांच्या मनगटात पडण्याआधीच भोक असतं. तिथे दुखण्याचं कारण दुसरीकडे शोधावं.

प्लास्टर निघाल्यावर दोन-तीन महिन्यांनीही दाराची मूठ फिरवताना कट्‌ असा आवाज येऊन दुखलं, तवा उचलताना हात निसटला किंवा खुर्चीला हात टेकून उठवेना, तर हाडांच्या डॉक्टरांना नेमकं तेच सांगा: कुठलं काम करताना आणि कुठल्या बाजूला. "हात दुखतो" एवढ्यावर थांबू नका. एमआरआय करायचा की दुर्बीण घालायची, हे त्या दोन उत्तरांवर ठरतं.