बाईंची भीती, मुलींच्या वहीत

"आई, तुला तरी कुठे गणित येत होतं? मग मला कसं येणार?"

लेक सातवीत. घटक चाचणीत गणितात वीसपैकी सात गुण. मी रागवायला बसले आणि हे उत्तर ऐकून गप्पच झाले. कारण हे वाक्य तिला मीच शिकवलं होतं. "गणित म्हणजे माझा जन्माचा वैरी!" असं पाहुण्यांपुढे हसत हसत मी किती वेळा म्हटलं असेल! त्यातून मी सकाळच्या शाळेत तिसरीला अर्धवेळ शिकवते. भाषेचा तास मी छान रंगवते, पण गणिताच्या तासाला पुस्तकातली उदाहरणं फळ्यावर उतरवून मोकळी होते. समोर बसलेल्या मुलींना हे कळत नसेल?

मैत्रिणींनो, कळतं! अमेरिकेत ते चक्क तपासून पाहिलं गेलं आहे. तेव्हा शिकागो विद्यापीठात असलेल्या सिअन बायलॉक आणि सुझन लेव्हिन या दोन प्राध्यापिका आणि त्यांच्याबरोबर एलिझाबेथ गंडरसन व जेरार्डो रामिरेझ हे पीएच.डी. करणारे विद्यार्थी. या चौघांनी पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिका आणि त्यांच्या वर्गातली ११७ मुलं निवडली. त्यांत ६५ मुली होत्या आणि ५२ मुलगे. बाईंना स्वतःला गणिताची किती धास्ती वाटते, हे त्यांनी मोजलं. मुलांची गणिताची चाचणी वर्षाच्या सुरुवातीला घेतली, तशी शेवटीही घेतली. शिवाय मुलांना दोन गोष्टी सांगितल्या. एक गणितात हुशार मुलाची, दुसरी वाचनात हुशार मुलाची. पण तो मुलगा की मुलगी, हे मात्र सांगितलं नाही. मग म्हणाले, काढा त्यांची चित्रं, आणि सांगा यात मुलगा कोण, मुलगी कोण.

वर्षाच्या सुरुवातीला बाईंच्या भीतीचा आणि मुलांच्या गणिताचा काही संबंध दिसला नाही. वर्षअखेर मात्र बाईंची धास्ती जितकी जास्त, तितक्या अधिक मुलींनी गणितात हुशार म्हणून मुलगा काढला आणि वाचनात हुशार म्हणून मुलगी. आणि अशी चित्रं काढणाऱ्या मुलीच गणितात मागे पडल्या. मुलग्यांवर परिणाम दिसला नाही. बाईंना गणित किती येतं, हा फरक जमेस धरला तरी निष्कर्ष तोच राहिला! हे संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. सतरा शिक्षिका म्हणजे काही फार मोठी संख्या नव्हे, हे खरं. पण विचार करायला लावते एवढं नक्की.

तिकडेही प्राथमिक शाळांत बहुतेक शिक्षक बायकाच. आणि महाविद्यालयांत गणिताची सर्वांत जास्त धास्ती कुणाला, तर प्राथमिक शिक्षक व्हायला निघालेल्यांना, असं १९९० च्या एका आढाव्यात दिसलं होतं. म्हणजे घाबरलेली मुलगी बाई होते आणि आपली भीती पुढच्या मुलींच्या हाती देते. हे रहाटगाडगं थांबवायचं कुठे? शिक्षक घडतात तिथेच! गणिताचे शिक्षक घडवणाऱ्या प्राध्यापकांची 'असोसिएशन ऑफ मॅथमॅटिक्स टीचर एज्युकेटर्स' ही तिथली संस्था. तिने २०१७ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणाचे निकष ठरवले, तेव्हा प्रत्येक मुलाला समान संधी ही गोष्ट अगदी पायाशी धरली.

मला आणखी एक गोष्ट आवडली. कारकिर्दीच्या सुरुवातीलाच चांगलं काम करणाऱ्यांसाठी या संस्थेचा वेगळा पुरस्कार आहे. बायलॉकबाईंनाही २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा ट्रोलंड पुरस्कार मिळाला. तोही तरुण संशोधकांसाठीच असतो. तुम्ही म्हणाल, यात आपल्याला काय? अहो, 'मुली मागे का पडतात' हा अवघड प्रश्न बहुधा नवखा माणूसच विचारतो. तेव्हा त्याच्या पाठीवर कुणी हात ठेवला नाही, तर तो सोपा विषय धरतो आणि मागच्या बाकावरची मुलगी तिथेच राहते. पहिल्या नंबराचे पेढे आपण वाटतोच. हा प्रश्न विचारणाऱ्यांचंही कौतुक व्हायला हवं.

घरासाठीही या मंडळींनी काही सांगून ठेवलं आहे. गणिताला घाबरणारे आईबाप मुलांचा गृहपाठ वारंवार घ्यायला बसले, तर मुलं वर्षभरात कमी शिकतात आणि त्यांची भीती वाढते, असं २०१५ मध्ये आढळलं. पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात पहिलीतल्या ५८७ मुलांना घेऊन पाहिलं. आईबापांनी मुलांबरोबर टॅबलेटवर गणिताच्या छोट्या गोष्टी वाचल्या आणि त्यातली कोडी सोडवली. सर्वांत जास्त फायदा झाला तो घाबरट आईबापांच्या मुलांना!

म्हणजे भीती घरातून जाते, तसा धीरही घरातूनच जाऊ शकतो. आणि खरं सांगा, भिशीचा हिशेब, स्वेटरचे टाके, ब्लाऊजचं कापड, हे सगळं गणितच नाही का? मग आपण 'येत नाही' कशाला म्हणतो?

मी ते वाक्य आता टाकलं आहे. परवा चकलीची भाजणी करायची होती. प्रमाण एक किलोचं होतं आणि मला करायची होती पाऊण किलो. लेकीला म्हटलं, "चल, दोघी मिळून काढू." मी एकदा चुकले. "आई, परत बघ," ती म्हणाली, आणि तिनेच दुरुस्त केलं. पुढच्या चाचणीत किती गुण पडतील, कोण जाणे. पण वही उघडताना कपाळावर आठी नव्हती, माझ्याही आणि तिच्याही.