भर दुपारी येणारा सैतान

मोह म्हटला की आपल्याला रात्र आठवते. अंधार, एकांत, कुणी बघत नसल्याची खात्री. इजिप्तच्या वाळवंटातल्या एका संन्याशाने मात्र चौथ्या शतकात लिहून ठेवलंय, की सगळ्यांत जड मोह सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि दुपारी दोनपर्यंत हलत नाही.

त्याचं नाव इव्हाग्रिअस. कॉन्स्टँटिनोपलमधला हा विद्वान डीकन एका विवाहित स्त्रीवर मन जडलं म्हणून शहर सोडून निघाला, आधी जेरुसलेमला आणि तिथून ३८३ च्या सुमारास इजिप्तला. केलिया नावाच्या वस्तीत तो ३९९ मध्ये मरेपर्यंत राहिला. तिथल्या कोठड्या एकीतली हाक दुसरीत पोचू नये इतक्या लांब लांब होत्या. बाजार नाही, मेजवानी नाही. तरी मोह होतेच! ते त्याने वैद्य नाडी पाहतो तसे तपासले आणि त्यांचे आठ प्रकार लावले. पुढे पोप ग्रेगरी यांनी त्यांतूनच सात पापांची यादी घडवली.

आठांतला दुपारचा तो अकेडिया. या ग्रीक शब्दाच्या मुळाशी आस्था नसणं आहे. आपण म्हणू, मन विटणं. इव्हाग्रिअसने त्याचं केलेलं वर्णन वाचताना मी थक्क होते. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. संन्यासी पुन्हा पुन्हा खिडकीकडे बघतो, तीन वाजताच्या जेवणाला किती वेळ उरलाय ते उन्हावरून मोजतो. पुस्तक उघडतो, जांभई देतो, डोळे चोळतो, पानं किती राहिली ते पाहतो आणि शेवटी तेच पुस्तक उशाला घेतो. मग वाटू लागतं, इथे कुणाला माझ्याबद्दल माया नाही. दुसरीकडे गेलो तर बरं. आणि सगळ्यांत चलाख चाल ही, की एखाद्या आजारी माणसाला भेटून यावं असंही त्याच वेळी सुचतं. सत्कृत्याच्या वेषात आलेला मोह ओळखायचा कसा?

मला हा मोह भेटतो तो ईस्टरआधीच्या उपवासकाळात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस. त्यांतले सहा रविवार वगळले की उपवासकाळाचे चाळीस उरतात. माझा अनुभव असा, की मटण-मासे सोडणं पहिल्या आठवड्यात जमतं. मध्यावर, कपाळावरची राख कधीच पुसली गेलेली आणि ईस्टर अजून लांब, तेव्हा प्रार्थनेवरून मन उडतं. चाळीस दिवसांचीही एक दुपार असते.

इव्हाग्रिअसचा उपाय होता उलट उत्तर देण्याचा. एकेक कुविचार आणि त्याच्या तोंडावर म्हणायचं बायबलमधलं एकेक वचन, अशा जवळपास पाचशे जोड्या त्याने एका ग्रंथात मांडल्या. कल्पना त्याची नव्हे. चाळीस दिवस उपाशी असलेल्या येशूने रानात सैतानाला तीनदा उत्तर दिलं आणि तिन्ही वेळा ते बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं होतं. येशूने वाद घातला नाही, पाठ असलेलं वचन उच्चारलं. उपाशी माणसाला नवे युक्तिवाद कुठून सुचणार? म्हणून हे पाठांतर मला फार शहाणपणाचं वाटतं.

इजिप्तच्याच वाळवंटात इव्हाग्रिअसच्या आधी होऊन गेलेल्या संत अँथनीची एक गोष्ट सांगतात. याच विटलेपणाने तो घेरला गेला होता. देवा, मला तरायचंय पण हे विचार सोडत नाहीत, असं विनवत होता. थोड्या वेळाने तो बाहेर आला, तर अगदी त्याच्यासारखाच एक जण तिथे बसलेला. तो बसून दोर वळत होता. मग काम ठेवून उठला, प्रार्थना केली. पुन्हा बसला, दोर वळू लागला. पुन्हा उठला. तो देवदूत होता. त्याने अँथनीला एवढंच सांगितलं, की असं कर, तरशील. अँथनीला आनंद झाला, धीर आला आणि तोही तसंच करू लागला.