परदेशात स्वस्त इंटरनेट, आणि माझा झालेला पोपट

एपिसोडमध्ये घाईघाईत बोललो ते इथे जरा नीट लिहितोय, कारण "ई-सिम घेऊ की रोमिंग पॅक?" हा प्रश्न खूप जणांनी विचारलाय.

आधी माझी चूक सांगतो. आई-बाबा पहिल्यांदाच परदेशात गेले, पाच रात्रींची दुबईची ग्रुप टूर. मी घरचा इंजिनिअर, त्यामुळे सल्ला माझाच: "रोमिंग पॅक नको, तिकडे लोकल सिम घ्या, डेटा भरपूर मिळतो." बाबांनी पासपोर्ट दाखवून सिम घेतलं. मॅप चालला, फोटो आले, मी खूश.

रात्री इकडे राईला आजी फोन घेऊन बसली. तिला बीपी आहे, आणि बाबांचा चेहरा बघितल्याशिवाय ती गोळी घेईना. व्हॉट्सअ‍ॅप कॉल लावला, लागेना. हॉटेलचं वायफाय वापरून बघितलं, तरी नाही. गंमत म्हणजे मेसेज जात होते, व्हॉइस नोटसुद्धा जात होती. म्हणजे नेट व्यवस्थित चालू, फक्त कॉल बंद!

मग डोक्यात प्रकाश पडला. यूएईमध्ये इंटरनेटवरून कॉल करायला परवानगी असलेलीच अ‍ॅप्स चालतात, उदाहरणार्थ बोटिम. व्हॉट्सअ‍ॅपचा चॅट चालतो, कॉल अडवला जातो. "व्हीपीएन टाक की" असं मित्र म्हणाला, पण तिकडे व्हीपीएनचा गैरवापर केल्यास जबर दंड आहे. बाबांना त्या भानगडीत पाडायचं नव्हतं.

उपाय बाबांच्या फोनमध्येच होता, पहिल्या स्लॉटमधलं भारतातलं सिम. मी इथूनच त्यावर एका दिवसाचा रोमिंग पॅक मारला. बाबांना व्हॉइस नोटवर सांगितलं, "मोबाइल डेटा सिम वनवर करा, डेटा रोमिंग चालू करा, वायफाय बंद." दहा मिनिटं गेली त्यात, पण कॉल लागला.

का लागला? हीच आजची मुख्य गोष्ट. रोमिंगवर असताना तुमचा फोन दुबईचा टॉवर वापरतो, पण डेटा सहसा आधी तुमच्या मूळ कंपनीच्या भारतातल्या यंत्रणेकडे येतो आणि तिथून इंटरनेटवर जातो. याला होम राउटिंग म्हणतात. म्हणजे फोन दुबईत असला, तरी इंटरनेटच्या नजरेत तो भारतात असतो. लोकल सिमचा डेटा मात्र तिथल्या तिथेच बाहेर पडतो, म्हणून तिथले नियम लागतात. रोमिंग महाग असतं कारण तिकडची कंपनी आपल्या कंपनीकडून पैसे घेते आणि ते शेवटी आपल्याच खिशातून जातात. पॅक न घेता रोमिंग चालू ठेवलंत तर विचारूच नका. विमानातलं आणि क्रूझवरचं नेटवर्क साध्या पॅकमध्ये बहुतेक वेळा नसतं, त्यामुळे तिथे फ्लाइट मोड म्हणजे फ्लाइट मोड.

ट्रॅव्हल ई-सिम या दोघांच्या मधलं. ते बऱ्याचदा तिसऱ्याच देशातून बाहेर पडतं. तुम्ही बँकॉकमध्ये आणि वेबसाइटला वाटतं तुम्ही सिंगापूरला! ब्राउझिंगला फरक पडत नाही, पण एखादं बँकेचं अ‍ॅप कुरकुर करू शकतं. फोन ई-सिमचा आहे का हे बघायला *#०६# डायल करा, ईआयडी नंबर दिसला तर बहुतेक आहे. घ्यायचं ते निघण्याआधीच घेऊन ठेवा. जानेवारी २०२४ मध्ये सरकारच्या सांगण्यावरून एअरालो आणि होलाफ्लायची अ‍ॅप्स भारतातल्या अ‍ॅप स्टोअरवरून काढली होती, त्यामुळे "तिकडे जाऊन बघू" असं करू नका.

युरोप टूरवाल्यांसाठी एक. १५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये रोमिंगचे जादा पैसे लागत नाहीत, त्यामुळे पॅरिसचं सिम ठरावीक मर्यादेत इटलीतही चालतं. पण आपल्या टूरमध्ये हमखास असणारं स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही! प्लॅनमध्ये ते नाव आहे का, बघूनच पैसे भरा.

आणि काहीही घेतलंत तरी भारतातलं सिम काढून पाकिटात टाकू नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. निघण्याआधी कंपनीकडून इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या, मग फोनमध्ये त्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा. एसएमएसला डेटा लागत नाही. यूपीआय अ‍ॅपही तिकडे असताना डिलीट करू नका, पुन्हा रजिस्टर करायला त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो.

डेटा वाचवायचा तर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये रोमिंगवरचं मीडिया ऑटो-डाउनलोड आणि गूगल फोटोजचा बॅकअप बंद करा, मॅप घरूनच डाउनलोड करून घ्या. आमच्या फॅमिली ग्रुपवरच्या 'शुभ सकाळ' फोटोंनीच अर्धा पॅक संपला असता.

उरलेल्या रात्री बाबांनी दिवसभर लोकल सिम आणि आजीपुरता रोमिंग पॅक असं चालवलं. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, हे आजीला शेवटपर्यंत पटलं नाही. "नऊ वाजले, अजून जेवला कसा नाहीस?" हाच रोजचा पहिला प्रश्न.