रेवड्यांची कुस्ती

परभणी जिल्ह्यात गावची जत्रा भरली, की उन्हं कलताना हलगी कडाडते आणि माणसं फडाकडे सरकू लागतात. दुसऱ्या दिवशी चर्चा होते ती शेवटच्या, मोठ्या इनामाच्या कुस्तीची. फड उघडतात मात्र आठ-दहा वर्षांची पोरं. जिंकणाऱ्याच्या ओंजळीत रेवड्या पडतात, म्हणून या रेवड्यांच्या कुस्त्या. पुढे नारळ, मग दहा-वीस रुपये, मग शेकडा, हजार. पोरगं मर्दानी झालं की नाही, हे गाव याच पायऱ्यांवर जोखतं.

इथली जमीन काळी. भिजली की चिखल, वाळली की ढेकळं. त्यामुळे फडाची जागा आधी उकरून मऊ करावी लागते. तालमीतल्या हौद्याची निगा त्याहून मोठी: तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवतात.

खरी परीक्षा जोड लावणाऱ्याची. त्याच्याकडे वजनकाटा नसतो. तो दोन पोरांना खांद्याला खांदा लावून उभं करतो, मान बघतो, मनगट चाचपतो. कान फुगून मोडलेला असेल, तर पोरगं रोज मातीत घासलेलं आहे हे त्याला कळतं; त्याच्यासमोर नवखा उभा करायचा नाही. चुकीची जोड लागली, तर घाबरलेलं पोर पुन्हा लंगोट चढवत नाही.

जोड ठरली की पोरं चिमूटभर माती कपाळाला लावतात, शड्डू ठोकतात, हात मिळवतात. मॅटवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा हिशेब असतो. इथे पाठ मातीला लागली की निकाल. हरलेल्यालाही सगळ्या गावासमोर उठून, माती झटकत, जिंकलेल्याला भेटावं लागतं. धाडसाचा हा भाग जिंकण्यापेक्षा अवघड आहे.

मराठवाड्याच्या मातीतून मोठी माणसं निघाली. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 'रुस्तम-ए-हिंद' झाले. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. त्यांच्या हाताखाली तयार झालेला बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे 2018 साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक आणि 2019 साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आला. परभणीशेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही कुस्त्यांची दंगल भरते.

फड आता केवळ पोरांचा राहिला नाही, हेही चांगलंच झालं. 2023 साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा जिंकली.

पण ज्या पायरीवर ही माणसं पहिल्यांदा उभी राहतात, तिच्याकडेच जत्रेच्या खर्चात काणाडोळा होतो. वर्गणीचा मोठा वाटा शेवटच्या कुस्तीच्या आकड्यावर जातो, बाहेरून नामांकित मल्ल येतो, आणि लहानांच्या जोडी घाईघाईत उरकल्या जातात. जत्रा कमिट्यांनी यंदा वर्गणीतला निम्मा वाटा लहान कुस्त्यांसाठी राखावा, आणि जोड लावायला गावातला जाणता वस्ताद बसवावा.