टोरँटोच्या हिवाळ्यात लहानग्यांना घेऊन

टोरँटोत डिसेंबरात पावणेपाचलाच सूर्य मावळतो. जानेवारीत तर पारा कित्येक दिवस शून्याच्या वर येत नाही. दोन-तीन वर्षांचे मूल अशा वेळी फ्लॅटमध्ये किती कोंडून ठेवणार? ते सोफ्यावरून उड्या मारते आणि खालचे शेजारी तक्रार घेऊन येतात. म्हणून आम्ही बंदिस्त क्रीडागृहांची वाट धरली.

चेंडूंचे हौद, मऊ गाद्या, जाळ्या, घसरगुंड्या! या खेळाचे जनक मानले जाणारे एरिक मॅकमिलन यांनी १९७२ साली याच शहरातील ओंटारिओ प्लेसमध्ये मुलांचे गाव उभारले होते. मुले तिथे रमतात हे खरे. पण शनिवार-रविवारी जाऊ नये. आठ-दहा वर्षांची पोरे वरून धाडकन येतात. आमच्या धाकटीचा ओठ असाच फुटला. आठवड्यातली सकाळ बरी. बूट आत चालत नाहीत, मोजे न्यावेत आणि कॉफीच्या टेबलाऐवजी हौदाकाठी बसावे.

दोन मुलांचे तिकीट मात्र एका पगारावर चालणाऱ्या घराला जड जाते. अशा भगिनींनी प्रांत सरकारच्या ‘अर्लीऑन’ केंद्रात जरूर जावे. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथे पैसे पडत नाहीत. पालकाने सोबत थांबायचे. चेंडूंचा हौद नसेल, पण ठोकळे, रंग, गाणी असतात. शिवाय परमुलखात एकट्या पडलेल्या आईला बोलायला दुसरी आई भेटते. आम्हाला तर हेच अधिक मोलाचे वाटले. वेळा मात्र फोनवर आधी विचाराव्यात आणि मगच बाळाला बर्फातले कपडे चढवायला घ्यावेत, त्यातच वीस मिनिटे जातात!