काम ठरविण्याचा मुहूर्त

लग्नाला मुहूर्त पाहतात, पेरणीला नक्षत्र पाहतात. मग काम मागावयास जाण्यालाही मुहूर्त असतो काय? असतो, असे आमचे उत्तर आहे. तो पाहावयाचा तर पंचांग बाजूला ठेवून घरातल्या कणगीत डोकवावे लागते.

आपल्याकडे सालगड्याचे वर्ष बहुतेक भागांत गुढीपाडव्याला सुरू होते. खानदेशात ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धरतात. हे दिवस शुभ खरेच, पण त्यांत व्यवहारही आहे. रब्बीची सुगी संपलेली असते. मृगापूर्वी नांगरट-वखरणी उरकावयाची असते, आणि जाणता गडी हातचा गेला तर पेरणी साधणार नाही ही मालकाला धास्ती असते. इकडे गड्याच्या घरी सुगीत मिळालेली चार पायली ज्वारी असते. येथे पटले नाही तर दुसऱ्या वाड्यावर विचारू, असे म्हणण्याचे बळ त्या ज्वारीत असते. म्हणून पैसा किती, धान्य किती, याची घासाघीस होऊ शकते.

आता उसाकडे वळू. थंडी पडू लागली की उसात साखर भरते. तोडलेला ऊस मात्र पडून राहिला की त्याचा उतारा घटू लागतो. त्यामुळे कारखान्यांना एकाच काळी हजारो हात लागतात. गळीत साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते. बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. परंतु बोलणी त्याच्या कितीतरी आधी, भर पावसाळ्यात, झालेली असतात. नवराबायकोच्या जोडीला तेथे 'एक कोयता' म्हणतात; या कोयत्याला मुकादम उचल देतो. त्या दिवसांत होते ते बियाण्यात गेलेले, कणगी रिकामी, पोरांची शाळा उघडलेली. अशा वेळी अटी कोण विचारणार? पुढे हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढल्या सालावर चढते, आणि पुढल्या सालचा सौदाही न बोलताच ठरून जातो. कर्जापोटी माणूस कामाला बांधून ठेवणे १९७६ च्या कायद्याने गुन्हा ठरले. तरी भुकेच्या महिन्यात दिलेला शब्द माणसाला बांधतोच.

दोन्हीकडे काम कष्टाचेच, मालकाची गरजही खरी. फरक एवढाच की, पाडव्याला गडी चार दिवस थांबू शकतो, श्रावणात त्याला थांबता येत नाही. ज्याला थांबता येते त्याचा मुहूर्त चांगला.

मग गरिबाने काय करावे? या प्रश्नाचे मोठे उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर उपयोगी पडली, आणि १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला. मागेल त्याला काम, हे तिचे सूत्र. तिची खरी किंमत केवळ रोजंदारीत मोजू नये. आपल्या गावाजवळ काम मिळण्याची खात्री असेल, तर दारी आलेल्या मुकादमाला 'उद्या सांगतो' म्हणता येते.

लहान उत्तर घरचे आहे. बोलणी शक्यतो सुगीत करावीत. उचल घ्यावीच लागली तर गरजेपुरती घ्यावी आणि आकडा दोघांदेखत लिहून ठेवावा. कणगीत महिन्याचे धान्य शिल्लक असताना केलेला सौदा, आमच्या मते, सर्वांत शुभ.