लेकराची वाचा : वाट किती पाहावी?

आपल्या पत्रिकेत आपण लागण, खोडवा, हुमणी, ठिबक आणि ऊसबिल यांविषयी नेहमीच वाचता. या अंकात विषय थोडा वेगळा घेतला आहे. चितेगाव परिसरातील सभासदांकडे आमचे जाणे-येणे असते. उसाच्या नोंदीचे बोलणे संपले, चहा आला, की घरच्या गोष्टी निघतात. त्यात एक प्रश्न वरचेवर कानावर येतो : "आमचं लेकरू दोन वर्षांचं झालं, अजून बोलत नाही. काय करावं?" आणि प्रश्न पुरता होण्याआधीच घरातले कोणी वडीलधारे उत्तर देऊन मोकळे होतात : "त्याचा बाप तरी कुठं लवकर बोलला? बोलंल की!"

हे उत्तर पुष्कळदा खरे ठरते. पण ज्या घरी ते खोटे ठरते, तिथे लेकराची दोन-तीन मोलाची वर्षे हातची गेलेली असतात आणि ती काही केल्या परत येत नाहीत. म्हणून वाट कुठवर पाहावी आणि केव्हा उठून दवाखाना गाठावा, एवढे आपणांस सांगावे, याकरिता हा लेख.

बोलणे आधी कानात उगवते

आपण "वाचा फुटली" असे म्हणतो, त्यामुळे बोलणे हे जिभेचे काम आहे असे वाटते. वास्तविक पहिला शब्द जिभेवर येण्यापूर्वी जवळजवळ वर्षभर लेकरू नुसते ऐकत असते. जमिनीत टाकलेल्या टिपरीला कोंब दिसण्याआधी मुळ्या फुटतात, तसेच हे आहे. साधारण क्रम असा असतो.

जन्मल्यापासून तीन महिने : मोठ्या आवाजाने दचकते. रडताना आईचा आवाज आला की शांत होते. पुढे पुढे हुंकार देऊ लागते.

सहा महिने : आवाज येईल तिकडे मान वळवते. कोणी बोलले की आपणही आवाज काढून "उत्तर" देते.

नऊ महिने : "बाबाबा", "दादादा" अशी बडबड चालते. नावाने हाक मारली की बघते.

एक वर्ष : अर्थ कळून एखादा शब्द येतो, आई, बाबा, मम्म, काऊ, भूर असा. "नको", "ये", "टाटा कर" हे समजते.

दीड वर्ष : थोडे शब्द असतात. हवी ती वस्तू बोटाने दाखवते. "चेंडू आण" म्हटले तर आणते.

दोन वर्षे : पन्नासच्या आसपास शब्द, आणि दोन शब्दांची जोड : "बाबा आले", "दूध दे". परक्या माणसाला त्यातले निम्मे तरी कळते.

तीन वर्षे : तीन-चार शब्दांची वाक्ये. "हे काय? ते का?" असे विचारून भंडावून सोडते. परक्यालाही बहुतेक बोलणे कळते.

चार वर्षे : घडलेली गोष्ट क्रमाने सांगते.

यात महिना-दोन महिने मागेपुढे होणारच. एकाच दिवशी लागण केलेल्या सरीतही सगळे कोंब एका दिवशी वर येत नाहीत. परंतु पुढील गोष्टी आढळल्या तर थांबू नये : सहा महिन्यांचे बाळ आवाजाकडे वळत नाही, वर्षाचे झाले तरी बडबड नाही, नावाला ओ नाही, दीड वर्षाचे झाले तरी एकही शब्द नाही किंवा बोटाने दाखवत नाही, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडत नाही. आणि आधी येत असलेले शब्द कोणत्याही वयात नाहीसे होऊ लागले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

बोबडे बोल

बोबडे बोलणे हा आजार नव्हे. प, ब, म हे ओठांचे आवाज आधी येतात. र, ळ, श यांना वेळ लागतो. म्हणून "भाकरी"ची "भाकली" होते, आणि काही लेकरांच्या तोंडी "काका"चा "ताता" होतो. आईजवळ वाढणारा मुलगा "मी जाते" म्हणतो, तेव्हा घरचे हसतात. पण त्याने ऐकलेले बरोबर उचलले, एवढाच त्याचा अर्थ. पुढे तो आपोआप "मी जातो"वर येतो. चार वर्षांनंतरही परक्याला बोलणे कळत नसेल, तर मात्र वाचा-उपचार करणाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

घरात दोन भाषा असल्या म्हणून लेकरू मागे पडत नाही. आपल्याकडे तांड्यावर गोरमाटी बोलतात, काही घरांत दखनी आहे, कारखानदारीमुळे बाहेरून आलेल्या कुटुंबांत हिंदी आहे. अशा लेकराचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. घरची भाषा बंद करण्याची काही गरज नाही.

"मुके" लेकरू बहुधा ऐकत नसते

गावात ज्याला "मुका" म्हणतात, त्याचा गळा आणि जीभ बहुतेक वेळा ठणठणीत असते. त्याला ऐकू येत नसते, म्हणून शब्द कळत नाहीत आणि म्हणूनच बोलता येत नाही. जन्मतः कानाने कमी असलेली बालके जगभर हजारी एक ते तीन तरी आढळतात. हे डोळ्यांना दिसत नाही. लेकरू हसते, खेळते, अंगाने भरते. शिवाय ऐकू न येणारे बाळही पहिले काही महिने हुंकार देते, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही.

पुष्कळ घरी थाळी वाजवून परीक्षा घेतात. ती पुरेशी नाही. थाळीचा हादरा अंगाला जाणवतो, हात हललेला डोळ्यांना दिसतो, आणि लेकरू वळते. फटाक्याला दचकणाऱ्या लेकरालाही साधे बोलणे ऐकू येत नसेल, असे होऊ शकते. खरी तपासणी यंत्रानेच होते. तान्ह्या बाळाच्या कानात बारीक नळी ठेवून काही मिनिटांत होणारी एक तपासणी आहे, आणि बाळ झोपलेले असताना डोक्याला तारा लावून होणारी "बेरा" नावाची दुसरी. दोन्हीत दुखत नाही.

बोलणे लांबण्याची इतरही कारणे असतात. जन्मताना बाळ न रडल्याने मेंदूला झालेली इजा, बुद्धीची वाढ मंद असणे, स्वमग्नता ही त्यांतील काही. स्वमग्न लेकरू नजरेला नजर देत नाही, बोटाने दाखवत नाही, आपल्याच नादात राहते. पण कारण कोणतेही असो, पहिली पायरी कानाची तपासणी हीच.

नांग्या वेळेत भराव्या लागतात

उगवण झाल्यावर सरीत जिथे तूट पडते, तिथे आपण नांग्या भरतो. त्या पहिल्या काही आठवड्यांत भरल्या तर फड एकसारखा येतो. उशिरा लावलेले रोप बाजूच्या उसाच्या सावलीत दबते. मग खताची मात्रा वाढवूनही ते बरोबरीला येत नाही. भाषेचेही असेच आहे. पहिल्या तीन वर्षांत मेंदू भाषा जितक्या सहज उचलतो, तितक्या सहज पुढे उचलत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातला एक अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. ज्या बालकांचा बहिरेपणा सहा महिन्यांच्या आत ओळखला जाऊन मदत सुरू झाली, त्यांची भाषा उशिरा ओळखलेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे राहिली, असे त्यात दिसले. आता डॉक्टरांचा दंडक असा आहे : पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू.

श्रवणयंत्र लावले की लगेच बोलू लागेल, असेही समजू नये. यंत्राने ऐकण्याचे दार उघडते. त्यानंतर महिनोन् महिने शिकवणे आणि बोलणे लागते. ज्यांना यंत्राचाही उपयोग होत नाही, त्यांच्याकरिता कानात बसवण्याचे "कॉक्लियर इम्प्लांट" आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या लेकराला त्याचा खरा लाभ लहानपणीच होतो. खुणांची भाषाही पूर्ण भाषा आहे, तिला कमी लेखू नये. लेकरू भाषेवाचून राहू नये, हे मुख्य.

कानाला धोका कशाने?

गरोदरपणी आईला रुबेला झाल्यास बाळ बहिरे जन्मू शकते. आपल्या राज्यात २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम झाली. ही लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात, चुकवू नये. जन्मानंतरची तीव्र कावीळ, फार कमी वजन आणि मेंदूज्वर यांनीही कान जातो. असे काही झालेले असेल तर लेकरू बरे दिसत असले तरी कान तपासून घ्यावा.

कान वाहणे ही आपल्याकडे किरकोळ बाब समजतात. तसे नाही. सतत वाहणाऱ्या कानाने ऐकणे मंदावते. न्हाऊ घालताना कानात तेल ओतू नये, काडी घालू नये.

आणखी एक गोष्ट थोडी अवघड, पण सांगितली पाहिजे. मामाची मुलगी किंवा भाची करण्याची चाल आपल्या भागात आहे. जवळच्या नात्यातील लग्नात वंशातून येणाऱ्या बहिरेपणाची शक्यता वाढते. सगळ्याच घरी तसे होते असे नाही. पण कुटुंबात आधी कोणी जन्मतः बहिरे असेल, तर सोयरीक ठरविताना हा विचार जरूर करावा.

समजुती आणि घरचे काम

वेखंड उगाळून जिभेला लावतात, नवस बोलतात, जिभेखालचा दोरा कापून आणतात. दोरा आखूड असल्यास काही उच्चारांना अडचण होईल, पण त्याने लेकरू मुके राहत नाही. ज्ञानेश्वरांनी पैठणला रेड्यामुखी वेद वदविले, ही कथा आपल्या शेजारचीच. तो चमत्कार संतांचा. आपण आपले तपासणीला जावे. नवस फेडायचा असेल तर तोही फेडावा, पण तपासणी त्याच्यासाठी थांबवू नये.

घरी करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. भाकरी थापताना, गोठ्यात धार काढताना, बांधावरून जाताना लेकराशी बोलत राहावे : ही गाय, हा पाट, हा ट्रॅक्टर. बोलून झाले की थांबावे, त्याला उत्तर द्यायला सवड द्यावी. ते "भाकली" म्हणाले तर चिडवू नये, "भाकरी पाहिजे का?" असे नीट म्हणून द्यावे. आजीच्या ओव्या, चिऊ-काऊची गोष्ट, बडबडगीते यांचा फार उपयोग होतो. लेकरू जेवावे म्हणून हाती मोबाइल देण्याची सवय आता घरोघर दिसते. मोबाइल बोलतो, पण लेकराचे ऐकत नाही. दोन वर्षांच्या आत मोबाइल-टीव्ही अजिबात नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाकाठी एक तासाच्या वर नको, असे बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचे सांगणे आहे.

कुठे जावे?

प्रथम गावच्या अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघर येथून सुरू झाला. त्याचे वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते आणि ऐकणे व भाषा यांचीही पाहणी करते. पुढील उपचार मोफत असतात. पथकाची वाट पाहण्याचीही गरज नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन छत्रपती संभाजीनगरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे आपले "घाटी", येथील कान-नाक-घसा विभागात दाखवावे. चितेगावाहून हा एका दिवसाचा हेलपाटा आहे. मुंबईला वांद्र्यात १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. केंद्र सरकारच्या "एडिप" योजनेतून उत्पन्नाच्या मर्यादेत श्रवणयंत्र मिळते आणि पात्र लहान बालकांना कॉक्लियर इम्प्लांटही मिळते. तिथे वयाची अट आहे, म्हणून उशीर परवडत नाही.

एक विनंती ऊसतोड टोळ्यांविषयी. हंगामात आपल्या फडावर येणाऱ्या मजुरांची तान्ही लेकरे कोपीवर असतात. पथक त्यांच्या गावी जाते तेव्हा ती इथे असतात आणि इथल्या पटावर त्यांचे नाव नसते. टोळी उतरली की आपल्या गावच्या अंगणवाडीत त्या लेकरांची नावे कळवावीत. मुक्कामाच्या गावी त्यांना सेवा मिळू शकते. आपला ऊस वेळेवर तोडणाऱ्यांचे एवढे देणे आपण लागतो.

सभासद बंधू-भगिनींनो, तपासणीत सारे ठीक निघाले तर एका दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे गेले, इतकेच. दोष निघाला आणि तो वेळेत निघाला, तर एक लेकरू भाषेला मुकण्यापासून वाचले. तेव्हा घरात, भावकीत, शेजारी दोन वर्षांचे न बोलणारे लेकरू असेल, तर "बोलंल की" म्हणण्याआधी त्याच्या आईला एवढेच विचारा : "कान तपासला का?"